कर्जाला तिचं नाव, घराला त्याचं

घरकर्जाच्या अर्जावर दोन रकाने असतात. पहिला अर्जदाराचा, दुसरा सहअर्जदाराचा. आपल्या वस्त्यांतून जो अर्ज बँकेत जातो त्यातला दुसरा रकाना अलीकडं पेनानं आडवा मारला जातो. त्या रकान्यात बायकोचं नाव असतं. आडवी रेघ मारणारा साहेब काही राक्षस नसतो. तो खुर्ची पुढं ओढतो, आवाज खाली आणतो आणि भल्यासाठीच सांगतो, "मिसेसचं सिबिल खराब आहे. त्यांचं नाव काढा. तुमच्या एकट्याच्या नावावर करून टाकू." आणि आपला गडी मान डोलावतो. घर मिळतंय ना, मग झालं.

मी म्हणतो, झालं नाही. ती एक रेघ मारताना बाईचं घर गेलं. आणि ते कुणी हिसकावून नेलं नाही. बँकेनं सुचवलं, नवऱ्यानं सही केली, शेजाऱ्यानं पेढा खाल्ला.

दोस्तांनो, ही गोष्ट आपल्यापैकी बऱ्याच जणांच्या घरात या पाच-सात वर्षांत घडलीय किंवा घडणार आहे. तुम्ही आता भाड्याच्या खोलीतून बाहेर पडायला बघताय. कुणी फाउंड्रीत कायम झालाय, कुणी कुरिअरवर आहे, कुणाला नगरपालिकेत लागलंय. म्हणून हे आताच बोललेलं बरं. मी दहावी झालेला माणूस, मुंबईच्या गोदीत ठेकेदाराकडं माल उतरवतो. बँकेची पुस्तकं मी लिहीत नाही. पण हिशोब कुणाच्या अंगावर उतरवला जातो एवढं मला कळतं. तेच माझं काम आहे.

आधी हा आकडा काय चीज आहे ते बघू. सिबिल ही कंपनी २००० साली निघाली. पुढं २००५ साली पतमाहिती कंपन्यांचा कायदा झाला. आज देशात अशा चार कंपन्या आहेत : सिबिल, एक्सपेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हायमार्क. कुठल्याही बँकेचं, फायनान्सचं, बचत गटाचं कर्ज घेतलं की तुमचा हप्ता कधी आला, किती दिवस चुकला, हे सगळं त्यांच्याकडं जातं. त्यातून ३०० ते ९०० मधला एक आकडा निघतो. ७५० च्या वर असला की साहेब चहा मागवतो. ६०० च्या खाली असला की साहेबाला मीटिंग असते.

लग्न लागलं म्हणून दोघांचे आकडे एक होत नाहीत. पॅन कार्ड वेगळं, आकडा वेगळा. पण दोघांनी मिळून अर्ज केला की बँक दोन्ही बघते, आणि खालचा आकडा बघून हात आखडते. कर्ज नाकारते नाहीतर व्याज चढवते. समजा १५ लाखांचं कर्ज, २० वर्षांची मुदत. ९ टक्क्यांनी हप्ता साडेतेरा हजारांच्या आसपास बसतो. १० टक्के लावले की साडेचौदा हजारांच्या जवळ जातो. महिन्याला हजाराच्या घरातला फरक. वीस वर्षांत सव्वादोन लाखांच्या वर. एवढ्या पैशात पोरीचं नर्सिंग होतं. म्हणून नवरा मान डोलावतो, त्याचंही गणित समजून घ्यायला पाहिजे.

वर बँकांची आणखी एक रीत आहे. घराच्या कागदावर ज्यांची ज्यांची नावं, त्या सगळ्यांनी कर्जाच्या कागदावर सही करायची. सहअर्जदार मालक नसला तरी चालतो, पण सहमालक मात्र सहअर्जदार पाहिजेच. म्हणजे बायकोला कर्जातून काढायचं तर आधी घरातून काढायचं. साहेब म्हणतो 'अर्जातून नाव काढा', आणि नाव निघतं खरेदीखतातून.

आता प्रश्न असा की तिचं नाव खराब झालं कसं?

माझ्या थोरल्या वहिनीचं सांगतो. दादा शिरोलीच्या फाउंड्रीत. वहिनी चार घरची धुणीभांडी करते. २०१९ च्या सुरुवातीला घरात म्हाताऱ्याचं ऑपरेशन निघालं. दादाला कुणी दारात उभं केलं नाही, कारण फायनान्सवाले येतात ते बायकांकडं. दहा बायकांचा गट करायचा, एकमेकींची हमी एकमेकींनी घ्यायची, आठवड्याला बसायचं, हप्ता मोजायचा. वहिनीच्या नावावर ३० हजार उचलले. पैसे दवाखान्यात गेले. त्यातला एक रुपया वहिनीच्या अंगावर पातळ म्हणून आला नाही.

मग ऑगस्ट २०१९. पंचगंगेची धोक्याची पातळी ४३ फूट. पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. सुतारमळ्यापासून शिरोळच्या शेवटच्या गावापर्यंत माणसं पत्र्यावर बसली होती. पाणी उतरलं तेव्हा ज्या घरी वहिनी कामाला जायची त्या दोन घरांत चिखल होता आणि तिच्या स्वतःच्या घरात भिंत नव्हती. हप्ते थांबले. आठ महिने जात नाहीत तोवर मार्च २०२० ची टाळेबंदी. फाउंड्रीची भट्टी विझली. रिझर्व्ह बँकेनं १ मार्च ते ३१ ऑगस्ट २०२० पर्यंत हप्त्यांना मुदत द्यायची मुभा दिली होती, आणि मुदत घेतली म्हणून कर्जदाराच्या नोंदीला बट्टा लागू नये असंही सांगितलं होतं. पण ती मुभा ज्यांचं खातं तोवर सुरळीत होतं त्यांना. पुरात आधीच बुडालेल्या खात्याचं काय? आणि आमच्या गल्लीत असं काही असतं हे सांगायला कोण आलं? वसुलीवाला तेवढा आला, मास्क लावून.

२०२१ मध्ये तोच माणूस म्हणाला, "एकरकमी अमुक भरा, बाकीचं सोडून देतो." वहिनीनं कानातलं मोडून भरलं. गल्लीत सगळ्यांना वाटलं, सुटली. पण कागदावर काय पडलं? 'सेटल्ड'. मराठीत सांगायचं तर तडजोड. तुम्हाला-आम्हाला तडजोड म्हणजे मिटलेलं भांडण वाटतं. बँकेला तडजोड म्हणजे बुडवलेले पैसे वाटतात. पूर्ण फेडलं की 'क्लोज्ड', तडजोडीनं फेडलं की 'सेटल्ड'. या दोन शब्दांतला फरक त्या दिवशी कुणी सांगितला असता, तर वहिनीनं उरलेले चार हजारही कुठूनतरी आणले असते. आता तो शब्द वर्षानुवर्षं तिच्या मागं फिरतोय.

गेल्या वर्षी दादानं उपनगरात दोन खोल्यांचं घर बघितलं. आणि एका बँकेत ती आडवी रेघ मारली गेली.

गोदीत फुटकी पेटी आली की सर्व्हे होतो. माल कुठं फुटला ते बघतात. जहाजातच फुटून आला, का क्रेनवरून सुटला, का शेडमध्ये कुणी आपटला. ज्याच्या हातात फुटला त्याच्या नावावर नुकसान. मालाची एवढी चौकशी होते. माणसाची होत नाही. वहिनीचं नाव पुरात फुटलं, टाळेबंदीत फुटलं, म्हाताऱ्याच्या ऑपरेशनात फुटलं. पण आकड्यात पूर दिसत नाही. आकड्यात फक्त ती दिसते.

इथं जरा थांबा, आणि कायद्याची एक गंमत बघा. मार्च २०२२ मध्ये रिझर्व्ह बँकेनं मायक्रोफायनान्सचे नवे नियम काढले. वर्षाला ३ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबाला तारणाशिवाय दिलेलं कर्ज ते मायक्रोफायनान्स. कुटुंब म्हणजे कोण? नवरा, बायको आणि त्यांची लग्न न झालेली मुलं. सगळ्या कर्जांचे मिळून हप्ते कुटुंबाच्या महिन्याच्या उत्पन्नाच्या ५० टक्क्यांच्या वर जाऊ नयेत. चांगला नियम आहे. म्हणजे कर्ज देताना उत्पन्न मोजायचं ते अख्ख्या कुटुंबाचं. पैसा खर्च होतो तो अख्ख्या कुटुंबावर. पण हप्ता चुकला की डाग लागतो एकट्या बाईला. आणि पुढं नवरा घर घ्यायला गेला की बँक पुन्हा म्हणते, तुम्ही दोघं एकच, हिच्या डागानं तुझाही अर्ज मळतो.

म्हणजे बघा. घ्यायचं तेव्हा कुटुंब एक. डाग लावायचा तेव्हा बाई एकटी. शिक्षेला परत कुटुंब एक. आणि मालकीला पुरुष एकटा. ही जी कसरत आहे ती काही गणिताची नाही. गणित एवढं सोयीनं वळत नाही.

कुणी म्हणेल, नाव नवऱ्याचं असलं म्हणून काय झालं? राहते ना ती त्याच घरात? राहते. भाडेकरूही राहतो. आपल्याकडच्या कायद्यात लग्न झालं म्हणून नवऱ्यानं घेतलेल्या घरात बायकोची आपोआप मालकी होत नाही. तो जिवंत आहे तोवर तो ते विकू शकतो, गहाण टाकू शकतो, भावाच्या नावावर करू शकतो. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्यानं तिला घरात राहायचा हक्क दिलाय, मालकी दिलेली नाही. तो मेला तर १९५६ च्या वारसा कायद्यानं, जो आपल्या बौद्धांनाही लागू आहे, बायको, मुलं आणि त्याची आई यांना सारखा वाटा. म्हणजे जिनं वीस वर्षं हप्ता भरायला हातभार लावला तिच्या वाट्याला तिच्याच घराचा एक तुकडा, तोही नवरा मेल्यावर. घराची किल्ली तिच्या कमरेला असते म्हणून भुलू नका. किल्ली सांभाळणं हे रखवालदाराचंही काम असतं.

आणि हातभार म्हणजे काय थोडाथोडका? घराची सगळी किंमत बँक देत नाही. ३० लाखांपर्यंतच्या कर्जात ९० टक्क्यांपर्यंत देता येते, त्याच्या वर तर आणखी कमी. उरलेले आपण उभे करायचे. ते कुठून उभे राहतात? तिच्या भिशीतून. तिच्या बोरमाळेतून. कुणाकडं आजीचा कोल्हापुरी साज असला तर त्यातून. आणि ते सोनं गहाण टाकायला जी पावती होते तीही बऱ्याचदा तिच्याच नावावर. म्हणजे घरासाठी दुसरं कर्जही तिच्याच नावावर, आणि घर त्याच्या. वहिनी दादाला जे म्हणाली ते मी जसंच्या तसं लिहितो : "घराला माझं नाव चालत न्हाई, मग हप्त्याला माझं पैसं कसं चालत्यात?" दादाकडं उत्तर नव्हतं. बँकेकडंही नाही. माझ्याकडंही नाही, म्हणून हे लिहितोय.

सरकार याच्या अगदी उलटं बोलतं. २०१५ ला पंतप्रधान आवास योजना आली तेव्हा व्याजाची सवलत पाहिजे असेल तर गरीब आणि अल्प उत्पन्न गटातल्या घरावर बाईचं नाव पाहिजे अशी अट होती. त्या गटांसाठी ती सवलत मार्च २०२२ ला संपली. सप्टेंबर २०२४ पासून शहरी योजनेचा दुसरा टप्पा सुरू झाला. त्यात ३५ लाखांपर्यंतच्या घराला, २५ लाखांपर्यंतच्या कर्जावर, पहिल्या ८ लाखांना ४ टक्के सवलत, जास्तीत जास्त १ लाख ८० हजार. तिथंही धोरण तेच, घर बाईच्या नावावर नाहीतर दोघांच्या. महाराष्ट्र सरकारनं एप्रिल २०२१ पासून फक्त बाईच्या नावावर घर घेतलं तर मुद्रांक शुल्कात १ टक्का सूट दिलीय. २० लाखांच्या घराला २० हजार वाचतात. गावठाणातल्या घराच्या उताऱ्यावर नवरा-बायको दोघांचं नाव लावायची मोहीमही याच राज्यानं काढली होती. म्हणजे एका खिडकीवर पाटी, 'बाईचं नाव घाला, सवलत घ्या.' दुसऱ्या खिडकीवर साहेब, 'बाईचं नाव काढा, कर्ज घ्या.' दोन्ही खिडक्यांमध्ये आपण फायली घेऊन पळतोय. ज्या बाईसाठी सवलत काढली, गरीब, मजूर, गटाचं कर्ज काढून घर चालवणारी, नेमकी तिचीच नोंद खराब असणार हे कुणाच्या ध्यानात आलं नाही? आलं असेल. ध्यानात येणं आणि दुरुस्त करणं यांत सचिवालयाचे सहा मजले असतात.

पत हा शब्द बघा. आपल्याकडं पत म्हणजे अब्रू, आणि पत म्हणजे उधार मिळायची ताकद. सावकाराच्या मराठीत दोन्ही एकच. ज्याच्याकडं जमीन त्याला पत, ज्याला पत त्याला कर्ज, ज्याला कर्ज त्याला आणखी जमीन. आपल्या बापजाद्यांकडं काय होतं? कोल्हापूर संस्थानात शाहू महाराजांनी १९१८ साली महारकी वतन मोडून जमिनी रयतावा करून दिल्या. बाकीच्या मुलखाला १९५८ च्या कायद्यापर्यंत थांबावं लागलं, आणि त्या कायद्यानं परत मिळालेल्या जमिनी नव्या शर्तीच्या, कलेक्टरच्या परवानगीशिवाय विकता न येणाऱ्या. अशा सात-बाऱ्यावर बँक नाक मुरडते. म्हणजे गहाण टाकायला आपल्याकडं धड जमीनही नव्हती. तारण म्हणून उरली ती माणसाची जबान. आणि मायक्रोफायनान्सनं नेमकी तीच गहाण घेतली. तीही पुरुषाची नाही, बाईची. कारण बाई पळून जात नाही. तिला गल्लीत राहायचं असतं, पोरांची शाळा तिथंच असते, गटातल्या बाकीच्या नऊजणींना उद्या तोंड दाखवायचं असतं. तिच्या लाजेवर कर्ज उभं आहे. ही लाज हप्त्यानं वसूल केली, आणि वसुली झाल्यावर वर आकडा छापून दिला.

२०२५ मध्ये इटलीतल्या प्राडा कंपनीनं आपल्या कोल्हापुरीसारखी चप्पल मिलानच्या फॅशन शोमध्ये पुरुषांच्या पायात घातली, कोल्हापूरचं नाव न घेता. गदारोळ झाला, मग त्यांनी कबूल केलं. बरं झालं. पण सुभाषनगर-जवाहरनगरात त्या चपलेची वेणी विणत बसलेल्या बायकांना विचारा, बँकेत तुमचं नाव चालतं का? चपलेची पत जगात वाढली. वेणी विणणारीचा आकडा तिथंच आहे.

आता आपल्या घरात येऊ. बँकेला शिव्या घालणं सोपं आहे, टाळ्याही मिळतात. पण सही कुणाची होती? बाबासाहेबांनी सप्टेंबर १९५१ मध्ये मंत्रिपद सोडलं, त्यामागच्या कारणांत हिंदू कोड बिल होतं. बाईला मालमत्तेत हक्क मिळावा म्हणून त्यांनी खुर्ची लाथाडली. आपण त्यांचा फोटो त्याच घराच्या दर्शनी भिंतीला लावतो ज्या घराच्या कागदावर बायकोचं नाव नाही. जयंतीला निळा फेटा बांधून नाचतो, आणि खरेदीखताच्या वेळी म्हणतो, "तिला काय कळतंय त्यातलं." तिला कळतंय. गटाच्या वहीवर अंगठा न देता सही करणारी तीच होती.

याची दुसरी बाजूही सांगतो. कधी कधी खराब आकडा नवऱ्याचा असतो. मोबाईलवरच्या ॲपची कर्जं, दुचाकीचे हप्ते, मित्राला राहिलेला जामीन. जामीन राहिलेलं कर्जही आपल्या नोंदीत दिसतं हे बऱ्याच पोरांना माहीतच नसतं. बायको सरकारी दवाखान्यात किंवा शाळेत कायम असली तर मग घर तिच्या एकटीच्या नावावर होतं. तिथं नवऱ्याची मालकी गेली म्हणून कुणी रडत नाही, आणि रडायचं कारणही नाही, कारण घरात हुकूम त्याचाच चालू राहतो. पण तिथंही न्याय दोघांना सारखाच लावला पाहिजे. माझं म्हणणं एवढंच की ज्याच्या घामानं घर उभं राहतं त्याचं नाव आकड्यामुळं पुसलं जाऊ नये.

हे होऊ शकतं का? तिलारीचा नाहीतर आंबोलीचा घाट उतरून गोव्यात जा. तिथं १८६७ च्या पोर्तुगीज नागरी कायद्याची रीत अजून चालते. लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर नवरा-बायकोची मालमत्ता दोघांची सामाईक. घर विकायचं तर दोघांची सही. तिथं साहेब म्हणू शकत नाही की मिसेसचं नाव काढा, कारण मालकी लग्नातूनच येते. कोल्हापूर ते पणजी एका रात्रीची एसटी. एवढ्या अंतरात बाई मालक होते.

अमेरिकेत १९७० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत बायकोला कर्ज पाहिजे तर बँका नवऱ्याची सही मागायच्या, तिचा पगार अर्धाच धरायच्या, 'उद्या पोर होईल' म्हणून. काळ्यांच्या वस्त्या नकाशावर लाल रंगवून तिथं घरकर्जच द्यायचं नाही, असं १९३० च्या दशकापासून चाललेलं. १९६८ साली घरांबाबतच्या भेदभावाविरुद्ध कायदा झाला. १९७४ साली कर्जाचा समान संधी कायदा झाला, त्यात लिंगावरून आणि लग्नावरून भेद करायला बंदी आली. १९७६ ला त्यात वंशही घातला. भेद संपला असं कुणी समजू नये. पण भांडायला कागद मिळाला. रस्त्यावर उतरलेल्या लोकांनी तो मिळवला.

बँकवाला म्हणेल, पैसा ठेवीदारांचा आहे, बुडणारीला कसा द्यायचा? प्रश्न खोटा नाही. ठेवीदारांत आपलेही आईबाप आहेत. पण उत्तर ऐका. घरकर्जाला घरच तारण असतं. २००२ च्या सरफेसी कायद्यानं हप्ते थकले तर कोर्टात न जाता बँक ते घर ताब्यात घेऊ शकते. सहमालक म्हणून बायकोनं गहाणखतावर सही केली की बँकेचा हक्क तिच्या वाट्यावरही चालतो. तिचं उत्पन्न धरू नका, कारण धुण्याभांड्याच्या रोख पैशाला तुम्ही तसंही उत्पन्न मानत नाही. कर्ज नवऱ्याच्या पगारावर, त्याच्या आकड्यावर मोजा. मालकी दोघांची ठेवा, सही दोघांची घ्या. यात बँकेचा कुठला पैसा बुडतो? कर्जाला किमान आकडा किती पाहिजे हे रिझर्व्ह बँकेनं ठरवून दिलेलं नाही. तो प्रत्येक बँकेनं आपापल्या धोरणात ठरवलेला आहे. आणि धोरण माणसानं केलेलं असतं, म्हणून माणसाला ते बदलता येतं. आपली मागणी हीच : सहमालकाचा आकडा खराब म्हणून तिला मालकीतून काढायचं नाही. दुसरी मागणी, पूर आणि टाळेबंदीच्या काळात थकलेल्या गटकर्जाची नोंद वेगळी दाखवायची. २०१९ च्या पुरानंतर आपल्या जिल्ह्यातल्या बायकांनी मायक्रोफायनान्सविरुद्ध मोर्चे काढले. तेव्हा घोषणा कर्जमाफीची होती. आता पुढची घोषणा नावमाफीची पाहिजे.

घोषणा पुऱ्या होईपर्यंत काय करायचं? तेही सांगतो, कारण नुसत्या घोषणेनं गहाणखत होत नाही.

घर बघायच्या आधी वर्षभर दोघांचेही रिपोर्ट काढा. चारही कंपन्यांनी वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट द्यायचा हा २०१७ पासूनचा नियम आहे. त्यासाठी कुणाला पैसे देऊ नका. 'सिबिल वाढवून देतो' म्हणून चौकात फ्लेक्स लावलेत, त्या एजंटाकडं कुठलीही जादू नाही. रिपोर्टमध्ये फेडलेलं कर्ज अजून उघडं दिसतं का, दुसऱ्या कुणाचं कर्ज आपल्या नावावर चढलंय का, नावाचं स्पेलिंग काय आहे, सगळं बघा. गटाच्या कर्जात एका नावाच्या चार बायका असतात. चूक असली तर लेखी तक्रार टाका. ३० दिवसांत निकाल लागला नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई, हा नियम एप्रिल २०२४ पासून लागू आहे. तरी कुणी दाद दिली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडं जा. सप्टेंबर २०२२ पासून या पतमाहिती कंपन्याही त्याच्या कक्षेत आल्यात.

'सेटल्ड' दिसत असेल तर त्या फायनान्सकडं जाऊन उरलेली रक्कम भरता येते का विचारा. भरली तर थकबाकी नसल्याचा दाखला घ्या आणि नोंद 'क्लोज्ड' करून मागा. तोंडी शब्दावर विश्वास ठेवू नका. तोंडी शब्दानंच घात केलाय. बँकेनं अर्ज नाकारला तर कारण लेखी मागा. सगळ्या प्रकारच्या कर्जांना लेखी कारण द्यायचं असं रिझर्व्ह बँकेनं २००७ सालीच बँकांना सांगितलंय. साहेबाला कागदावर लिहायला लावलं की त्याचा आवाज बदलतो.

आणि सगळं करूनही एकट्याच्याच नावावर घर घ्यावं लागलं, तर? घ्या. भाड्याच्या खोलीत मरा असं मी सांगणार नाही. पण मग त्याच आठवड्यात बायकोच्या नावानं मृत्युपत्र करून ठेवा. कर्जात तिनं घातलेल्या पैशाचा, मोडलेल्या सोन्याचा हिशोब लिहून दोघांच्या सहीनं ठेवा. आणि कर्ज फिटलं, किंवा बँकेनं संमती दिली, की घरातला अर्धा वाटा बक्षीसपत्रानं तिच्या नावावर करा. महाराष्ट्रात राहतं घर बायकोला बक्षीस द्यायला मुद्रांक शुल्क २०० रुपये लागतं. नोंदणीचा आणि बाकीचा किरकोळ खर्च वेगळा. शनिवारी रात्री दोस्तांबरोबर बसलं की यापेक्षा जास्त उडतात.

हे २०० रुपये हीच आपल्या चळवळीची खरी परीक्षा आहे. बँकेनं नाव काढायला लावलं असं ज्याला ज्याला म्हणायचं असेल, त्यानं कर्ज फिटल्यावर दुय्यम निबंधकाच्या कचेरीत बायकोला घेऊन उभं राहून दाखवावं. बँक तेव्हा मध्ये नसेल. सिबिलही नसेल. फक्त तो असेल, ती असेल, आणि मधे एक कोरा रकाना असेल. त्या रकान्यात काय लिहायचं हे तेव्हा कुठल्याही साहेबाला विचारावं लागणार नाही.